रिन्युअलची माणसं

चिंचणीत आमच्या आळीत एक विमा एजंट राहत. सगळे त्यांना काकाच म्हणत. वाणगावला गाडी पकडायला निघालेल्या माणसाला रस्त्यात थांबवून ते एवढंच सांगत, ‘तुझी बावीस तारीख हां.’ कसली तारीख, हे विचारायची कुणाला गरज पडत नसे. ते गेल्यावर घरच्यांनी त्यांच्या डायऱ्या मला वाचायला दिल्या. तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

डायरीत हातानं आखलेले रकाने. पॉलिसी नंबर, मोड, ड्यू डेट, नॉमिनी. आणि समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात, ‘भात विकल्यावर’, ‘डायचे पैसे आल्यावर’, ‘होडी लागल्यावर’. चिंचणीत घरोघर दागिन्यांच्या डाय बनतात, शेजारच्या गावांतून होड्या समुद्रात जातात, आणि ज्याच्या त्याच्या घरात पैसा यायचा महिना वेगळा. मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद. तिमाही किंवा वार्षिक हप्त्याला ग्रेस, म्हणजे उशिरा भरायची मुदत, तीस दिवसांची. म्हणजे ५ जुलैचा हप्ता फार तर ४ ऑगस्टपर्यंत लांबणार, आणि कित्येक होड्या तर नारळी पौर्णिमेनंतरच निघतात. अशा घराला जुलैची तारीख घालून देणं म्हणजे पॉलिसी बंद पाडायची सोय करून ठेवणं. काकांच्या डायरीत होडीवाल्या एकाही घरासमोर जून-जुलैची ड्यू डेट नाही. मी सगळी पानं तपासली.

एकदा पॉलिसी विकून झाल्यावर माणूस एवढा जीव का टाकतो? स्वभाव असतोच, पण त्याखाली कायदाही आहे. १९५० च्या दुरुस्तीनं विमा कायद्यात एजंटच्या कमिशनला मर्यादा घातली. पहिल्या वर्षी हप्त्याच्या ३५ टक्के, पुढची दोन वर्षं साडेसात, नंतर ५. हजार रुपयांच्या हप्त्यामागे वर्षाला पन्नास रुपये, पण पॉलिसी चालेल तितकी वर्षं. यालाच धंद्यात ‘रिन्युअल’ म्हणतात. माझं मत स्पष्ट आहे. पहिल्या वर्षाचं कमिशन विक्रेता घडवतं, रिन्युअल गावचा माणूस घडवतं.

आपल्याकडे विम्याचा इतिहास लिहिताना १८७४ ची ओरिएंटल येते, साताऱ्यात १९१३ साली अण्णासाहेब चिरमुल्यांनी काढलेली वेस्टर्न इंडिया येते. एजंट येत नाही. तो मला सापडला १९३८ च्या विमा कायद्याच्या ४४ व्या कलमात. ठरावीक वर्षं इमानानं काम केलेल्या एजंटनं काम सोडलं तरी त्याचं रिन्युअल कंपनीला बुडवता येणार नाही, आणि तो मेला तर ते त्याच्या वारसांना मिळेल, तो जिवंत असता तर जितकी वर्षं मिळालं असतं तितकी. पगार नाही, खुर्ची नाही, नियुक्तीपत्रात पेन्शनचा शब्द नाही, अशा माणसासाठी ही तरतूद झाली. विम्यावरच्या कुठल्याही भाषणापेक्षा मला ती मोठी वाटते.

मग १९ जानेवारी १९५६ ची ती रात्र. अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी आकाशवाणीवरून सांगितलं की आयुर्विमा सरकारनं हाती घेतला आहे. २४५ संस्था एका वटहुकमानं. १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ उभं राहिलं. महामंडळाच्या कायद्याच्या ३६ व्या कलमानं चीफ एजंट आणि स्पेशल एजंट, म्हणजे मधले मोठे लोक, भरपाई देऊन एका दिवसात मोकळे केले. दारोदार फिरणारा साधा एजंट मात्र राहिला. हे कलम वाचताना मला खरोखर आनंद झाला.

काकांचं भांडण एकाच गोष्टीवरून होई, रिबेट. पहिल्या हप्त्याचा काही भाग एजंटनं आपल्या कमिशनमधून परत करायचा, ही विमा कायद्याच्या ४१ व्या कलमानं बंद केलेली चाल आजही चालते. पूर्वी दंड पाचशे रुपयांपर्यंत होता, २०१५ पासून दहा लाखांपर्यंत. एका पानावर नावावर रेघ मारलेली आहे आणि शेजारी ‘रिबेट मागितला, दिला नाही’. त्याच माणसाचं नाव नऊ वर्षांनंतरच्या डायरीत परत येतं, ‘तिकडची लॅप्स. नवीन केली.’ रिबेट देणारा पुन्हा दारात का येईल? त्याची कमाई त्यानं आधीच वाटून टाकलेली असते.

सप्टेंबर २०२३ मध्ये महामंडळाच्या एजंटांची ग्रॅच्युइटीची मर्यादा तीन लाखांवरून पाच लाख करायला मंजुरी मिळाली. पुन्हा नेमलेल्या एजंटांनाही रिन्युअल मिळण्याची सोय झाली. तेव्हा एजंटांचा आकडा तेरा लाखांहून अधिक सांगितला गेला. त्यांतल्या किती जणांच्या कपाटात अशा डायऱ्या असतील!

वाणगाव ते तारापूर या पट्ट्यातल्या घरांना माझी विनंती आहे. दिवाळीच्या साफसफाईत बाबांच्या, आजोबांच्या विम्याच्या डायऱ्या निघाल्या तर रद्दीत घालू नका. आमच्या गावात कोणत्या महिन्यात कुणाच्या घरी पैसा येत होता, हे लिहून ठेवणारा दुसरा कागद मला आजवर कुठल्याही दप्तरात मिळालेला नाही.