फोटो काढा, पण माणूस जपून

दादरच्या फुलबाजारात पहाटे झेंडूच्या राशीआड बसून कुणी चहाचा घोट घेत असतं. कोलकात्यात हावडा पुलाजवळच्या घाटावर हमाल फुलांचा भारा डोक्यावर घेऊन लगबगीने चाललेला असतो. वाराणसीत गंगेत डुबकी मारून आलेली आजी ओल्या साडीत कुडकुडत उभी असते. असं काही दिसलं, की तुमचा हात आपोआप मोबाइलकडे जातो ना? न सांगता, पोज न घेता टिपलेल्या अशा कँडिड फोटोंत जो जिवंतपणा असतो, तो ‘स्माइल प्लीज’मध्ये येत नाही.

आधी जागा, मग माणूस

फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ हे या कलेतलं मोठं नाव. कुणाचं लक्ष जाऊ नये म्हणून ते आपल्या छोट्या लायका कॅमेऱ्याचे चकाकणारे भाग काळ्या टेपने झाकत. तुम्हीही चांगली पार्श्वभूमी शोधा आणि थांबा. एखादी रंगीत भिंत, जिना, तिरपा उजेड पुरेसा आहे. माणूस चौकटीत आपणहून येईल. झूम ताणण्यापेक्षा दोन पावलं पुढे जा. सकाळचं आणि संध्याकाळचं ऊन सर्वांत छान.

फोटो गाजला, बाई मागे राहिली

1936 साली कॅलिफोर्नियातल्या शेतमजुरांच्या छावणीत डोरोथिया लँग यांनी एका चिंताक्रांत आईचा फोटो काढला. तो लपूनछपून काढलेला नव्हता, पण त्यांनी तिचं नाव विचारलं नाही. फोटो वर्तमानपत्रात आला आणि छावणीत सरकारी अन्न पोहोचलं. तोवर ती आई मुलांना घेऊन पुढे निघून गेली होती. ‘मायग्रंट मदर’ या नावाने तो फोटो जगभर गेला. ती फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन आहे, हे लोकांना कळलं थेट 1978 मध्ये. या फोटोतून आपल्याला एक पैसाही मिळाला नाही, ही सल तिच्या मनात होती.

तुमचा फोटो तर एका मिनिटात शेकडो ग्रुपवर पोहोचतो आणि मग परत बोलावता येत नाही.

एवढं पाळाच

आपल्याकडे रस्त्यावर फोटो काढायला सरसकट बंदी नाही. पण खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये स्पष्ट केलं आहे. स्त्रीच्या खासगी क्षणांचं चित्रण तर गुन्हाच आहे.

- आंघोळ, आजारपण, रडणं, रस्त्यावरची झोप यांचे फोटो नकोत. म्हणजे घाटावरची ती आजी डोळ्यांतच साठवा.
- लहान मुलांचा फोटो पालकांना विचारूनच.
- कुणी हाताने ‘नको’ म्हटलं, तर वाद न घालता त्यांच्यासमोरच डिलीट करा.
- चेहरा ओळखू येत असेल, तर पोस्ट करण्याआधी विचारा. शाळेचं नाव, घराचा पत्ता दिसू देऊ नका.

सगळ्यांत सोपी कसोटी म्हणजे फोटो काढल्यावर मोबाइलची स्क्रीन त्या माणसाकडे वळवायची. दाखवायला संकोच वाटला, तर तो फोटो ठेवूच नका. फुलवाल्या काकू मात्र बहुधा हसतील आणि म्हणतील, “मलाही पाठवा की!” मग आठवणीने पाठवा आणि त्यांचं नावही विचारून घ्या.