मुठीतला श्वास

नालासोपाऱ्याजवळच्या निर्मळच्या आसपासचा पट्टा सखल आहे. तळी, बावखलं म्हणजे वाड्यांतली खोदलेली छोटी तळी, भाजीचे वाफे आणि पश्चिमेला समुद्र. भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की पाण्याला बाहेर पडायला वाटच राहत नाही. जुलै 2018 मध्ये नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले, लोकल थांबल्या, कित्येक वस्त्या अंधारात राहिल्या. अशा पाण्यात एखादं रुग्णालय सापडलं तर तिथल्या खाटांवरच्या माणसांना बाहेर कोण काढतं, आणि कसं? जगभरच्या हकिकती वाचताना थक्क व्हायला होतं. यंत्रं थांबली की साध्या माणसांचे हात पुढे येतात, आणि ते पुरतातही.

रुग्णालय बंद पडतं ते खालून. न्यूयॉर्कमध्ये ऑक्टोबर 2012 च्या सँडी वादळात बेलव्ह्यू रुग्णालयाचे जनरेटर तेराव्या मजल्यावर कोरडे होते, पण त्यांना डिझेल पोचवणारे पंप तळघरात बुडाले. मग सैनिक आणि कर्मचारी जिन्यावर रांग लावून उभे राहिले आणि डिझेल हातोहात वर चढवलं. आपल्या चिपळूणमध्ये 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी शहरात घुसलं, एका कोविड रुग्णालयाची वीज गेली आणि आठ रुग्ण दगावले. वीज जाणं म्हणजे तिथे श्वास जाणं.

पण तो श्वास हातानेही देता येतो. 1952 साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भीषण साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण रोज येत होते आणि त्यांना श्वास देणारी यंत्रं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. सुरुवातीला यंत्रांवर ठेवलेल्या 31 रुग्णांपैकी 27 जण गेले. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने रुग्णाच्या श्वासनलिकेत नळी घालून रबरी पिशवी हाताने दाबायला सुरुवात केली. ही पिशवी दाबणार कोण? सुमारे 1,500 विद्यार्थी. पाळ्या लावून, रात्रंदिवस, कित्येक आठवडे ते खाटेशेजारी बसून दुसऱ्याचा श्वास घेत राहिले. मृत्यूचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. आजचा अतिदक्षता विभाग याच प्रसंगातून उभा राहिला असं मानतात.

पुढे 1956 मध्ये डेन्मार्कमध्येच आपोआप फुगणारी पिशवी आली. तिच्या पहिल्या नमुन्यात पिशवी पुन्हा फुगावी म्हणून सायकलचे स्पोक वापरले होते! आपल्याकडच्या रुग्णवाहिकांत दिसते ती अँबू बॅग हीच. तिला वीज लागत नाही. मोठ्या माणसासाठी पाच-सहा सेकंदांनी एकदा, सावकाश दाबायची. घाबरलेला माणूस ती भराभर दाबतो, आणि त्याने अपाय होतो. म्हणून शेजारी कुणीतरी आकडे मोजत राहावं लागतं.

सँडीच्याच रात्री न्यूयॉर्कच्या लँगोन रुग्णालयातून 300 हून अधिक रुग्ण हलवले गेले. त्यांत 20 नवजात बाळं होती. परिचारिकांनी ती नऊ मजले जिन्याने खाली आणली. काही बाळांना उतरतानाही पिशवीने श्वास देणं चालू होतं. अंधारा जिना, टॉर्चचा उजेड आणि एका मुठीच्या लयीवर चाललेलं एक इवलंसं आयुष्य. याहून अद्भुत काही मी वाचलेलं नाही.

बाहेरून मदतीला धावणाऱ्यांची गोष्टही तितकीच विलक्षण. 2005 मध्ये कॅटरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्सच्या मेमोरियल रुग्णालयातले रुग्ण भिंतीतल्या जेमतेम तीन फुटी भोकातून पलीकडे सरकवले गेले, पिकअप ट्रकमधून वाहनतळाच्या वरच्या मजल्यावर नेले गेले आणि तिथून जिन्याने हेलिपॅडवर. खाली रुग्णालयापाशी, दलदलीत मासेमारी-शिकारीला वापरतात तसल्या एअरबोटी घेऊन लोक आपणहून आले होते. या होडीचा पंखा पाण्याबाहेर असतो, त्यामुळे बुडालेल्या गाड्या आणि तारांच्या वर ती सहज सरकते. तरीही त्या रुग्णालयात 45 मृतदेह सापडले. सर्वांत गंभीर रुग्णांना शेवटी न्यायचं, हा तिथला निर्णय आजही अस्वस्थ करतो, आणि त्याने अस्वस्थ करायलाच हवं.

केरळात ऑगस्ट 2018 मध्ये मच्छीमारांनी होड्या ट्रकवर चढवून शहरांत आणल्या आणि सुमारे 65,000 लोकांना वाचवलं. इथल्याच किनाऱ्यावरच्या अर्नाळा आणि पाचूबंदरचे कोळीबांधव हे वाचून हसतील, कारण होडी जमिनीवरून न्यायची कशी हे त्यांना कुणी शिकवायला नको.

निर्मळकडेही हे हात आहेत. पहाटे दादरला फुलं-भाजी नेणारे टेम्पो आहेत, चर्चची आणि देवळाची तरुण मंडळी आहेत. शिकायचं ते थोडंच. जिना उतरताना रुग्णाचे पाय पुढे, डोकं वर. चादरीतून न्यायचं तर सहा जणांनी एकाच हाकेवर उचलायचं. आणि ऑक्सिजनचा हिशोब: लहान, बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण 1,500 लिटर वायू असतो. मिनिटाला 10 लिटर लागत असेल तर तो अडीच तास पुरतो. पाण्यातून वाट काढत कोरड्या रुग्णालयापर्यंतचा प्रवास त्यात बसवायचा. कुठल्या रस्त्यावर आधी पाणी चढतं आणि कुठला शेवटपर्यंत उघडा राहतो, हे इथल्या टेम्पोवाल्याइतकं नेमकं दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही.