ग्राउंड निघालं, लेखी निघाली... आता कुंडली निघणार!

२०२४ मध्ये महाराष्ट्र पोलिसांनी १७ हजार ४७१ जागांची भरती काढली आणि सतरा लाखांहून जास्त अर्ज आले. म्हणजे एका जागेमागे शंभर जण! पहाटे उठून डांबरी रस्त्यावर १६०० मीटरचा सराव, शंभर मीटर, गोळाफेक, आणि त्यातून तरलात तर शंभर मार्कांची लेखी. मेरिट लिस्टमध्ये नाव झळकलं की चौकात बॅनर लागतो, गुलाल उडतो, आई देवाला नारळ फोडते. पण भरती त्या दिवशी संपत नाही. अजून एक परीक्षा बाकी असते. तिला मार्क नाहीत, सिलॅबस नाही, आणि तिचा पेपर उमेदवाराने गेली कित्येक वर्षं रोज थोडा थोडा लिहून ठेवलेला असतो. तिचं नाव चारित्र्य पडताळणी. जगभरात या एका टप्प्याने जे किस्से घडवले आहेत, ते ग्राउंडवरच्या किश्शांपेक्षा भारी आहेत.

आठ पानी पेपरपेक्षा अवघड फॉर्म

निवड झालेल्या मुलाच्या हातात साक्षांकन नमुना नावाचा फॉर्म पडतो. दिसायला साधा. गेल्या काही वर्षांत कुठे कुठे राहिलात, कुठे शिकलात, आधी कुठे नोकरी केली, ओळख देणारी दोन जबाबदार माणसं कोण. आणि मग तो रकाना: कधी अटक झाली होती का, गुन्हा दाखल झाला होता का, खटला चालू आहे का, शिक्षा झाली होती का? खोटी माहिती दिली तर अपात्र ठराल, ही तंबी फॉर्मवरच छापलेली असते. तरीही दरवर्षी कुणीतरी तिथे ‘नाही’ लिहून मोकळा होतो, आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो.

गावात येतो तो साध्या वेशातला हवालदार

फॉर्म जिल्ह्याच्या विशेष शाखेकडून तुमच्या पोलीस ठाण्यात येतो. तिथला गोपनीय विभागाचा अंमलदार रजिस्टर चाळतो, संगणकावर नाव टाकतो आणि मग गावात चक्कर मारतो. गावात त्याचा पहिला थांबा बहुतेक वेळा पोलीस पाटलाकडे. हा पाटील म्हणजे जुन्या वतनदारीतला पाटील नव्हे. १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने उभं केलेलं हे पद आहे. दहावी पास, वय २५ ते ४५ आणि त्याच गावचा रहिवासी या त्याच्या अटी. गंमत अशी की दुसऱ्यांच्या चारित्र्याबद्दल सांगणाऱ्या या पाटलाचीही नेमणुकीआधी चारित्र्य पडताळणी होते.

पोरगं कुणाच्या भांडणात पुढे असतं, कुणाच्या गाडीवर दिसतं, घरचे कसे आहेत, हे कुठल्याही सर्व्हरवर नसतं. पाटलाला आणि पारावरच्या चार म्हाताऱ्यांना ते तोंडपाठ असतं.

या गावच्या मताला किती वजन असू शकतं? उत्तर प्रदेशात २००४ मध्ये शिपाईपदासाठी निवडलेल्या एका तरुणावर अर्ज केल्यानंतर गुन्हा दाखल झाला आणि त्याच वर्षी तो निर्दोष सुटला. प्रतिज्ञापत्रात मात्र त्याने त्याचा उल्लेख केला नाही आणि निवड रद्द झाली. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये कोर्टाने त्याला नोकरीवर घ्यायला सांगितलं. त्याच्या बाजूने जे मुद्दे पडले, त्यांत स्थानिक ठाण्याचा ‘वर्तन चांगलं आहे’ हा अहवालही होता. पण वीस वर्षं गेली! फॉर्मवर दोन ओळी खऱ्या लिहिल्या असत्या, तर कदाचित हा वनवास टळला असता.

पहिला शिपाई चार तासांत घरी

आधुनिक पोलीस दलाचा आरंभ मानतात तो लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलिसांपासून. २९ सप्टेंबर १८२९ ला गृहमंत्री रॉबर्ट पीलचे हे शिपाई पहिल्यांदा रस्त्यावर उतरले. वॉरंट क्रमांक एक मिळाला विल्यम ॲटकिन्सन या शिपायाला. आणि जगातल्या या मानाच्या क्रमांकाचं काय झालं? पहिल्याच दिवशी दारू प्यायल्याबद्दल चार तासांत बडतर्फ. चांगल्या वर्तणुकीचे दाखले तेव्हाही मागत होते. पण दाखला मागणं वेगळं आणि तो खरा आहे का हे घरापर्यंत जाऊन पाहणं वेगळं. लंडनला ते पुढची कित्येक वर्षं, शेकडो शिपाई काढून टाकत शिकावं लागलं.

चोर झाला पोलीसप्रमुख, आणि त्याची सावली दिल्लीपर्यंत आली

आता याच्या बरोब्बर उलट गोष्ट. फ्रान्सचा यूजीन फ्रान्स्वा विडॉक. जन्म १७७५. बनावट कागदपत्रांच्या गुन्ह्यात शिक्षा, सक्तमजुरी, वेषांतर करून तुरुंगातून पुन्हा पुन्हा पलायन. शेवटी तो पोलिसांचा खबऱ्या झाला आणि १८११-१२ च्या सुमारास पॅरिसच्या ‘सुरेते’ या गुन्हे शोधणाऱ्या पथकाचा प्रमुखच झाला! पथकात त्याने भरती केली ती आपल्यासारख्याच जुन्या गुन्हेगारांची. चोराच्या वाटा चोराला ठाऊक, हे त्याने सरकारी खर्चाने सिद्ध केलं. आज तो साक्षांकन नमुना भरायला बसला असता तर कागद पुरला नसता.

व्हिक्टर ह्यूगोने ‘ले मिझेराब्ल’ लिहिली, त्यातल्या जाँ व्हालजाँच्या पात्रामागे हाच विडॉक असल्याचं मानलं जातं. भुकेल्या घरच्यांसाठी पाव चोरला म्हणून जन्मभर ‘चोर’ हा शिक्का घेऊन फिरणारा तो व्हालजाँ. आता लक्ष द्या. २०११ मध्ये दिल्ली पोलिसांच्या हेड कॉन्स्टेबल भरतीचं एक प्रकरण सुप्रीम कोर्टासमोर आलं. उमेदवार संदीप कुमार. वीसेक वर्षांचा असताना भांडणात गुन्हा दाखल झालेला, मग तडजोड, मग सुटका. अर्जात त्याने ते लिहिलं नव्हतं. न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू यांच्या खंडपीठाने निकालात चक्क जाँ व्हालजाँची आठवण काढली आणि तरुणपणीच्या चुकीचा शिक्का आयुष्यभर कपाळावर मारू नये, असं म्हणत उमेदवाराच्या बाजूने कौल दिला.

त्याच निकालात वेल्सच्या विद्यार्थ्यांचीही गोष्ट आहे. वेल्ससाठीचे कार्यक्रम वेल्श भाषेत व्हावेत, म्हणून ही पोरं लंडनच्या हायकोर्टात घुसली आणि सुनावणी थांबवून वेल्श गाणी म्हणू लागली. कोर्टाच्या अवमानाबद्दल तीन महिने तुरुंग! अपिलात न्यायाधीश लॉर्ड डेनिंग यांनी ही मुलं गुन्हेगार नाहीत हे मान्य करून १९७० मध्ये त्यांना सोडलं. आपल्या मातृभाषेसाठी कोर्टात गाणाऱ्या त्या पोरांचा उपयोग चाळीस वर्षांनी दिल्लीच्या एका पोलीस उमेदवाराला झाला. मला हा या विषयातला सगळ्यात सुंदर दुवा वाटतो.

घोषणा दिल्या होत्या? मग हे वाचाच

पण सगळेच निकाल असे मायाळू नव्हते. १९९६ मध्ये दिल्लीच्याच सुशील कुमार प्रकरणात सुप्रीम कोर्टाने उलट सांगितलं होतं: खटल्यातून सुटलास हे खरं, पण पोलीस दलाने तुझं वर्तन पाहून नकार दिला तर त्यात चूक नाही. कुठे हे, कुठे ते! अखेर २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने सगळं एका जागी नीट मांडलं. पोलीस भरतीच्या प्रत्येक अकॅडमीच्या भिंतीवर हा निकाल मराठीत लावायला हवा, इतका तो कामाचा आहे.

त्याचं सार असं. माहिती खरीच द्या, लपवाछपवी नको. तरुणपणी घोषणा देण्यासारखी किरकोळ बाब लपवली गेली असेल, तर ती माफ करण्याची मुभा नेमणूक देणाऱ्याला आहे. फॉर्ममधला प्रश्न मोघम असून चालणार नाही. जे नेमकं विचारलं, तेच लपवलं म्हणता येईल. गुन्हा दाखल झाल्याचं उमेदवाराला ठाऊकच नसेल, तर त्याने लपवलं असं कसं म्हणणार? आणि हो, खरं सांगितलं म्हणून नोकरी हक्काने मिळते असंही नाही. गुन्हा गंभीर असेल तर विचार होणारच. संशयाचा फायदा मिळून किंवा साक्षीदार फितूर झाल्यामुळे सुटणं आणि पूर्ण निर्दोष ठरून सुटणं, यांतला फरकही कोर्टं बघतात.

महाराष्ट्रात हे रोजच्या जगण्याला भिडणारं आहे. आरक्षणाच्या, ऊस दराच्या, दूध दराच्या आंदोलनांत हजारो तरुणांवर गुन्हे दाखल होतात. त्यांतली कितीतरी मुलं भरतीची तयारी करत असतात. सरकार मागाहून असे गुन्हे मागे घेण्याचे निर्णय करतं, पण कोर्टातून ते प्रत्यक्ष निघेपर्यंत नोंद राहते. त्या नोंदीच्या भीतीने ‘नाही’ लिहिणारा मुलगा नोंदीपेक्षा मोठा खड्डा स्वतःच खणतो.

आणि तलवारीचा केक?

इथे मात्र दयामाया कमी. ‘भाईचा बर्थडे’ म्हणून रस्त्यात तलवारीने केक कापायचा, रील टाकायची आणि दुसऱ्या दिवशी शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा. अशा बातम्या आपल्याकडे आता नेमाने येतात. पुरावा आरोपीनेच, गाणं लावून, लाखभर लोकांना दाखवलेला असतो. ज्याच्या हातात उद्या सरकार बंदूक देणार, त्याचा शस्त्राशी खेळ हा पोरकटपणा म्हणून सोडून द्यायला कुठला पोलीस अधीक्षक तयार होईल?

अठराच्या आतलं? दार उघडं आहे

बालन्याय कायद्याचं कलम २४ थोडक्यात सांगतं की बालवयातल्या गुन्ह्यामुळे पुढे अपात्रता चिकटत नाही. अपवाद आहे तो सोळा वर्षांपुढच्या, अतिगंभीर गुन्ह्यात प्रौढ म्हणून खटला चाललेल्या मुलांचा. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने याच आधारावर केंद्रीय दलातल्या एका उमेदवाराला न्याय दिला.

अमेरिकेत शेजारी, बँक आणि खोटं पकडणारं यंत्र

तिकडे पडताळणी करणारा अधिकारी शेजाऱ्यांना भेटतो, जुन्या घरमालकाला भेटतो, आधीच्या बायकोलाही गाठतो. कर्ज वेळेवर फेडता का, हेही पाहतात. पैशाच्या ओढाताणीत सापडलेला पोलीस लाचेला लवकर भुलेल, असा त्यामागचा विचार. आणि पॉलिग्राफ! १९८८ च्या कायद्याने बहुतेक खासगी कंपन्यांना उमेदवाराची अशी चाचणी घ्यायला मनाई केली, पण सरकारी खात्यांना सूट ठेवली. त्यामुळे पोलीस व्हायचं तर अनेक ठिकाणी आजही त्या तारा अंगाला लावून घ्याव्या लागतात. हे यंत्र बनवलं ते जॉन लार्सन यांनी, १९२१ मध्ये. ते स्वतः कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहराचे पोलीस होते आणि पीएचडी झालेले होते!

फार हुशार असणंही तिथे एकदा नडलं. कनेक्टिकटमधल्या न्यू लंडन शहरात एका उमेदवाराला बुद्धिचाचणीत जास्त गुण पडले म्हणून मुलाखतीलाच बोलावलं नाही. फार हुशार माणूस कंटाळून नोकरी सोडेल, हे कारण. २००० मध्ये अपिलाच्या कोर्टानेही शहराची बाजू उचलून धरली.

घाई केली आणि महागात पडली

हा भाग मजेचा नाही, पण तो वगळला तर बाकी सगळं पोकळ ठरेल. १९८० नंतर अमेरिकेतल्या मायामी शहराने दंगली आणि वाढती गुन्हेगारी पाहून घाईघाईने पोलीस भरले, निकष सैल केले. १९८५ मध्ये त्यांतलेच काही वर्दीवाले मायामी नदीकाठी तस्करांचं कोकेन लुटताना सापडले; तीन तस्कर नदीत बुडून मेले.

अमेरिकेतल्याच क्लीव्हलँडमध्ये २०१४ च्या नोव्हेंबरात खेळण्यातलं पिस्तूल घेतलेल्या बारा वर्षांच्या तामिर राइसला एका पोलिसाने गोळी घातली. या पोलिसाला आधीच्या खात्यातल्या वरिष्ठांनी अयोग्य ठरवलं होतं आणि ते त्याच्या फाइलमध्ये लिहिलेलं होतं. क्लीव्हलँडने भरती करताना ती फाइल पाहिलीच नाही. २०१७ मध्ये त्याला काढलं, ते गोळीबारासाठी नव्हे, तर नोकरीच्या अर्जात खोटं लिहिल्याबद्दल.

ब्रिटनमध्ये २०२१ साली सारा एव्हरार्ड या तरुणीचा खून सेवेत असलेल्या पोलिसानेच केला. २०२४ च्या अँजिओलिनी चौकशी अहवालाने सांगितलं की हा माणूस पोलीस व्हायलाच नको होता. पडताळणीत संधी सुटत गेल्या. फाइल मागवायला लागणारे चार दिवस वाचवून कुणाचंही भलं होत नाही. आपल्याकडेही एकेका भरतीत हजारो फॉर्म त्याच मोजक्या अंमलदारांकडे जातात, बंदोबस्त आणि तपास सांभाळून. त्यांना जास्त माणसं आणि जास्त वेळ मिळायला हवा. २०१५ पासून राज्यातली ठाणी सीसीटीएनएस या गुन्ह्यांच्या नोंदींच्या संगणक जाळ्याने जोडली गेल्यामुळे नांदेडचा गुन्हा पुण्यात दिसतो, हे मोठंच सोयीचं झालं. पण गावात जाऊन विचारणं संगणकाला जमत नाही.

शेवटचा किस्सा, आणि तो आपल्या मातीतला

इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आणला. १९११ च्या नव्या कायद्याने तो देशभर लागू करता येऊ लागला. पारधी, बेरड, कैकाडी अशा समाजांत जन्मलं की चारित्र्य पडताळणीची गरजच नाही, पाळण्यातच ‘गुन्हेगार’. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. सोलापूरच्या तारेच्या कुंपणातल्या सेटलमेंटमध्ये पिढ्या गेल्या. ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा रद्द झाला आणि हे समाज विमुक्त झाले. आज महाराष्ट्रात विमुक्त जातींना सरकारी नोकऱ्यांत ३ टक्के आरक्षण आहे आणि पोलीस भरतीच्या प्रत्येक जाहिरातीत ‘वि.जा. (अ)’ हा रकाना असतो. ज्यांच्या आजोबांची पोलीस ठाण्यात रोज हजेरी लागायची, त्यांचे नातू-नाती त्या रकान्यातून भरती होतात आणि त्याच ठाण्यात बसून दुसऱ्यांचे साक्षांकन नमुने तपासतात.