मोटारीचें कांच-यंत्र : जुनें घेतांना

जुलै महिन्यांतील संततधार चालू आहे, मोटारीच्या दाराची कांच अर्ध्यावर अडकली आहे आणि मालकानें त्या फटींत पुठ्ठा कोंबून ठेवला आहे, हें दृश्य मुंबईंत कांहीं दुर्मिळ नाहीं. अशा वेळीं माणूस घाईनें भंगारबाजार गांठतो, गाडीचें नांव सांगतो आणि पुढें येईल तें यंत्र घेऊन परततो. तें दारांत बसत नाहीं तेव्हां त्याला कळतें कीं, गाडीचें नांव आणि दाराची बनावट या दोन अगदीं निराळ्या गोष्टी आहेत.

कांच वरखालीं करणाऱ्या या यंत्राला कारखान्याच्या कागदांत 'विंडो रेग्युलेटर' म्हणतात. गॅरेजांत त्याला 'विंडो मशीन' म्हणण्याचा प्रघात आहे. त्याचे प्रकार मुख्यतः दोन. एकांत दांतेरी पंखा व त्याला जोडलेल्या लोखंडी भुजा असतात. दुसऱ्यांत पट्टीवरून सरकणारा तुकडा पोलादी तारेनें ओढला जातो. पहिल्याचे दांते झिजतात. दुसऱ्याची तार तुटते किंवा प्लास्टिकचा तुकडा फुटतो आणि कांच धपकन् दारांत कोसळते. मात्र कांच हलत नाहीं एवढ्यावरून यंत्रच गेलें असें ठरवूं नये. फ्यूज, बटण, मोटर यांपैकीं कांहींही बिघडलेलें असूं शकतें. कधीं केवळ कडेचें रबर सुकून कांच जखडते. म्हणून आधीं दाराचें अस्तर काढून पाहावें.

आतां नांवाचा घोटाळा. मारुति ८०० ही गाडी १९८३ पासून २०१४ पर्यंत निघत होती. परंतु १९८६ सालीं तिचा सांगाडाच बदलला. 'स्विफ्ट' भारतांत २००५ सालीं आली. पुढें २०११, २०१८ व २०२४ सालीं त्याच नांवाखालीं नवी घडण आली. 'झेन'ची तर मौजच आहे. २००६ सालीं ती बंद होऊन 'झेन एस्टिलो' निघाली. दोघींचें नातें नांवापुरतेंच. तेव्हां उत्पादनाचा महिना व वर्ष नोंदणीपुस्तकांतून उतरून घ्यावें. नोंदणीची तारीख पुरेशी नव्हे. डिसेंबरांत बनलेली गाडी पुढल्या वर्षीं नोंदली गेलेली असूं शकते. डावें व उजवें यंत्र आरशांतील प्रतिबिंबाप्रमाणें परस्परांच्या उलट असतें, आणि ही दिशा गाडींत पुढें तोंड करून बसलेल्या माणसाच्या हातावरून ठरते. 'ड्रायव्हरच्या बाजूचें' असें मात्र सांगूं नये; भारतांत ती बाजू उजवी, तर परदेशी मालाच्या पुष्कळ याद्यांत डावी.

सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे बिघडलेलें यंत्रच पिशवींत घालून नेणें. कुर्ल्याच्या बाजारांतील जाणता दुकानदारही प्रथम तेंच मागेल. दोन्ही यंत्रें शेजारीं ठेवून बोल्टांचीं भोकें, भुजांची लांबी, कांच धरणारे तुकडे व हँडलच्या आंखावरील दांते ताडून पाहावे; भागाचा क्रमांक असेल तर तोही जुळवावा. विजेच्या यंत्राच्या जोडांतील पिना मोजाव्या, कारण अडथळा येतांच आपोआप थांबणाऱ्या कांचेच्या मोटरीला बहुधा अधिक तारा असतात. साध्या दोन तारांच्या मोटरीला बारा व्होल्टांची बॅटरी लावून यंत्र तळापासून टोंकापर्यंत चालवावें, आणि तारा उलट जोडून परत आणावें. मध्येंच अडखळलें तर दुकानदारानें कितीही शपथा घेतल्या तरी तें सोडून द्यावें. पसंत पडल्यास पावती अवश्य घ्यावी. चोरीच्या गाडीचा माल गळ्यांत पडूं नये.

एका धोक्याकडे फारच थोड्यांचें लक्ष असतें. भुजांच्या यंत्राला कांचेचें वजन तोलण्यासाठीं गुंडाळलेली जोरकस स्प्रिंग असते. जुनी मोटर काढून दुसऱ्या यंत्रावर बसविण्याचा मोह होतो. परंतु पंखा घट्ट जखडून न ठेवतां मोटर सोडविली, तर ती स्प्रिंग एका क्षणांत पंखा फिरविते आणि मध्यें सांपडलेलीं बोटें चिरडतात. हें काम कारागिरावर सोपविणेंच बरें.

यंत्र बसल्यावर, अस्तर लावण्यापूर्वीं, कांच चार-सहा वेळां वरखालीं करून पाहावी. अस्तरामागचा प्लास्टिकचा पडदा पुष्कळदां गॅरेजांत फाडून फेकला जातो. तो पूर्ववत् चिकटवून घ्यावा. नाहींतर कांचेच्या कडेनें दारांत उतरणारें पावसाचें पाणी अस्तर भिजवून पायांखालच्या गालिच्यांत मुरतें.