मीठ अडवायला काट्यांची वई

चीनची भिंत सगळ्यांना माहीत असते, बर्लिनची शाळेत शिकवतात. पण आपल्याच देशात इंग्रजांनी शेकडो मैलांची हिरवी, जिवंत, काटेरी वई वाढवली होती, आणि तीही मीठ अडवण्यासाठी, हे किती जणांना ठाऊक आहे?

त्याचं असं झालं. उत्तर हिंदुस्थानात इंग्रजांच्या मुलखात मिठावर जबर कर होता, १८७० च्या आसपास मणामागे सुमारे तीन रुपये. शेजारच्या राजपुतान्यात सांभर सरोवराचं मीठ मात्र स्वस्त. मग चोरटा व्यापार होणारच! तो रोखायला सिंधू नदीपासून थेट ओरिसात महानदीपर्यंत जकातीची चौकीरेषा आखली गेली. १८६९ मध्ये तिची लांबी होती सुमारे ३,७०० किलोमीटर, म्हणजे भारताच्या उत्तर-दक्षिण लांबीहूनही जास्त. १८७२ मध्ये तिच्यावर सुमारे चौदा हजार माणसं राबत होती.

यातल्या पंजाब ते बुऱ्हाणपूर या टप्प्यात वई होती. हो, आपल्या खानदेशाला खेटून असलेलं तेच बुऱ्हाणपूर.

सुरुवातीला तोडलेल्या काटेरी फांद्यांचे नुसते ढीग रचत. एका मैलाला अडीचशे टन काटे लागायचे! शिवाय वाळवी खायची, वणव्यात जळायचं, वादळात उडायचं. मग ठरलं की कुंपण लावायचं ते जिवंतच. त्यासाठी चर खणले, रोपं तग धरीनात तिथे चांगली माती आणून भरली, पाण्यासाठी विहिरी खोदल्या. बोर, बाभूळ, करवंद, निवडुंग, थोर, जिथे जे जगेल ते लावलं. नीट वाढलेली वई दहा ते चौदा फूट उंच आणि सहा ते बारा फूट जाड असे. झाडं जगेनात तिथे दगडी भिंत! इतकी माती, इतकं पाणी, इतके हात, आणि सगळं गरिबाच्या भाकरीतलं मीठ महाग ठेवण्यासाठी. उन्हात घाम गाळणाऱ्याला मीठ लागतंच, म्हणून हा कर सगळ्यात जास्त त्यालाच झोंबायचा.

लोकही काही कमी नव्हते. कोणी मिठाच्या गोणी वईवरून पलीकडच्या साथीदाराकडे फेकी, तर कोणी मीठ लादलेले उंटांचे कळपच्या कळप वईतून घुसवी.

आता खरा धक्का. जिवंत वई जोमाने वाढवून घेणारा जकात आयुक्त होता ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. पक्ष्यांचा नामांकित अभ्यासक, आणि १८८५ मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारा तोच! पुढे १९३० मध्ये त्याच काँग्रेसचे गांधीजी मिठाचा कायदा मोडायला दांडीला गेले.

एवढी प्रचंड वई विस्मरणात गेली होती. रॉय मॉक्सहॅम या इंग्रज लेखकाला एका जुन्या पुस्तकाच्या तळटीपेत तिचा उल्लेख सापडला आणि तो तिच्या शोधात भारतात आला. १९९८ मध्ये उत्तर प्रदेशातल्या इटावा भागात त्याला तिचे अवशेष मिळाले.

मुळात ही वई मोडीत निघाली होती ती हिशेबाने. सरकारने सांभर सरोवर भाडेपट्ट्याने घेतलं, कर मीठ तयार होतं तिथेच वसूल होऊ लागला आणि प्रांताप्रांतांतला दरातला फरकही कमी केला गेला. १ एप्रिल १८७९ ला बहुतेक चौक्या बंद झाल्या. मिठावरचा कर मात्र सुटला नाही. तो जायला १९४७ साल उजाडावं लागलं.