शेतातील ओलमापकाची निद्रा व त्याला जागे करणारे बटण

खेड तालुक्यातील महाळुंगे हे गाव तळेगाव-चाकण रस्त्यालगत वसलेले आहे. या पट्ट्यात कारखान्यांची दाटी झाली असली तरी शेती अगदीच मागे पडलेली नाही आणि चाकणची कांद्याची बाजारपेठ आजही दूरवर माहीत आहे. शेतकरी कुटुंबातील एखादा मुलगा कारखान्यात पाळीवर जातो, तेथे विजेच्या सूक्ष्म उपकरणांशी त्याची ओळख होते आणि तोच सुटीच्या दिवशी सुटे भाग जोडून घरच्या कांद्यासाठी जमिनीतील ओल दाखविणारे यंत्र तयार करतो. हा उद्योग स्तुत्य आहे. मात्र अशा यंत्राविषयी एक तक्रार नेहमी ऐकू येते, ती म्हणजे यंत्र आठ-दहा दिवस उत्तम चालते व नंतर सेल संपून मुके होते. दोष बहुधा सेलचा नसतो. यंत्राला झोपविण्याची व जागे करण्याची व्यवस्था नीट केलेली नसते, हे त्याचे खरे कारण होय.

कांद्याच्या बाबतीत ही गोष्ट क्षुल्लक नाही. कांद्याची मुळे उथळ असल्याने वरच्या वीतभर थरातील ओल हीच त्याची शिदोरी असते. कंद पोसण्याच्या काळात जमीन फार दिवस कोरडी राहून मग एकदम भरपूर पाणी दिले गेले, तर कांद्याची वरची साल फाटते आणि असा माल टिकत नाही. यंत्रावर विसंबून पाळी लांबविलेल्या शेतकऱ्याचे यंत्र त्याच आठवड्यात बंद पडले, तर नुकसान यंत्राच्या किमतीहून कितीतरी अधिक होते.

यंत्राच्या पोटात मायक्रोकंट्रोलर, म्हणजे सूक्ष्मनियंत्रक नावाची एक चकती असते. ओल मोजणे, आकडा पडद्यावर उमटविणे, ही कामे ती आपल्याला दिलेल्या आज्ञावलीप्रमाणे करते. काम नसतानाही ती जागी राहिली तर वीज खातच राहते. म्हणून तिला गाढ निद्रेची सोय केलेली असते. या निद्रेत तिचे मुख्य घड्याळ थांबते, बहुतेक भाग निष्क्रिय होतात आणि केवळ एखादा पहारेकरी जागा राहतो. मोटारीच्या दूरनियंत्रक किल्लीतील नाण्याएवढा सेल वर्षानुवर्षे पुरतो, तो याच युक्तीमुळे. बटण दाबले जाईपर्यंत किल्ली झोपलेली असते.

हिशेब करून पाहू. पेन्सिल सेलची शक्ती २००० मिलिअँपिअर-तास धरू. तीन सेल एकापुढे एक जोडले तरी हा आकडा तोच राहतो, वाढतो तो फक्त दाब. चकती, पडदा व ओलीचा संवेदक मिळून ४० मिलिअँपिअर घेत असतील, तर अखंड जागे यंत्र ५० तासांत, म्हणजे दोन दिवसांत सेल रिकामे करील. आता तेच यंत्र दिवसातून दहा वेळा, प्रत्येक वेळी अर्धा मिनिट जागे केले, तर जागेपणीचा खर्च दिवसाला सुमारे साडेतीन मिलिअँपिअर-तास होतो. झोपेत ०.०१ मिलिअँपिअर जात असेल, तर त्याचा दिवसाचा खर्च पाव मिलिअँपिअर-तासाहूनही कमी. कागदावर हे सेल दीड वर्ष पुरतात. उन्हाने व सेलच्या आपोआप होणाऱ्या क्षयाने हा काळ कमी होईल, तरीही कांद्याचा हंगाम सहज निघेल.

जागे करण्यासाठी बटण असे जोडतात. चकतीच्या ठरावीक पायाला एका रोधकातून, म्हणजे रेझिस्टरमधून, धन दाब दिलेला असतो. बटणाचे एक टोक त्या पायाला व दुसरे ऋण तारेला जोडलेले असते. बटण मोकळे असता पाय 'उंच' असतो, दाबताच तो 'खाली' येतो. हा बदल पहारेकऱ्याच्या ध्यानात येतो व तो चकतीला उठवितो. या सूचनेस इंटरप्ट असे म्हणतात. आर्डुइनो उनो या सुपरिचित पट्टीवर या कामासाठी २ व ३ क्रमांकाचे पाय राखलेले आहेत. इएसपी-३२ या चकतीतही सर्वच पाय गाढ निद्रेतून उठवू शकत नाहीत, काही मोजक्याच पायांना तो अधिकार आहे. त्यांपैकी ३४ ते ३९ या पायांना आतला रोधक नाही, तेथे तो बाहेरून जोडलाच पाहिजे.

या दोन चकत्यांच्या उठण्यातही फरक आहे. उनोवरील चकती जेथे झोपली त्याच्या पुढच्या आज्ञेपासून काम सुरू करते. इएसपी-३२ मात्र गाढ निद्रेतून उठताच आज्ञावली पहिल्या ओळीपासून वाचते व राखीव स्मृतीत न ठेवलेले आकडे विसरते. कालचा आकडा आजच्याशी ताडून पाहावयाचा असल्यास हे आधीच ध्यानात घ्यावे.

बटण एकदा दाबले तरी आतील पत्रे काही मिलिसेकंद थरथरतात व चकतीला अनेकदा दाबल्याचा भास होतो. म्हणून उठल्यावर सुमारे ५० मिलिसेकंद थांबून बटण पुन्हा तपासावे. ते खरोखर दाबलेले नसेल, तर काही न करता पुन्हा झोपावे.

याहून मोठा धोका अडकलेल्या बटणाचा. शेतात चिखल उडतो, मुंग्या घर करतात, कोणी यंत्रावर कुदळ टेकवून ठेवतो. बटण दाबलेलेच राहिले की पाय सतत खाली राहतो. यंत्र झोपते न झोपते तोच पुन्हा उठते आणि शेतकऱ्यास त्याचा पत्ताही नसतो. दोन दिवसांत सेल संपतात. यावर उपाय आज्ञावलीतच करावा. काम संपल्यावर बटण सुटेपर्यंत वाट पाहावी. दहा सेकंदांतही ते सुटले नाही, तर बटणाचा पहारा बंद करून केवळ घड्याळाच्या पहाऱ्यावर झोपावे आणि तासाभराने उठून पुन्हा तपासावे. उनोवर इंटरप्ट मिळताच तो तेथल्या तेथे बंद करावा, अन्यथा बटण दाबलेले असेपर्यंत चकती त्याच सूचनेत गुंतून पडते.

बटण यंत्राच्या पेटीवरच असावे. बांधापर्यंत लांब तार नेल्यास ती मोटारपंप सुरू होतानाचे व विजा चमकतानाचे झटके पकडते आणि यंत्र विनाकारण उठत राहते. तार न्यावीच लागली तर आतल्या दुबळ्या रोधकावर विसंबू नये. बाहेरून १० किलोओहमचा रोधक लावावा व बटणाच्या दोन टोकांत ०.१ मायक्रोफॅरडचा धारक जोडावा. बटण रबरी टोपीचे घ्यावे व पेटीचे तारांचे भोक खालच्या बाजूस ठेवावे.

चकती झोपली म्हणजे यंत्र झोपले असे मात्र नव्हे. तयार पट्टीवरील तांबडा दिवा व दाब स्थिर ठेवणारा भाग जागेच राहतात. त्यांनी मिळून ८ मिलिअँपिअर घेतले, तर वरील सेल दहा दिवसांत संपतील. आठ-दहा दिवसांच्या त्या तक्रारीचा उगम बहुधा येथेच असतो! दिवा काढून टाकावा, कमी वीज खाणारा दाब-नियामक वापरावा आणि ओलीच्या संवेदकास चकतीच्या एखाद्या पायातूनच वीज द्यावी, म्हणजे झोपताना तोही बंद करता येतो.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी यंत्र शेतात पुरण्यापूर्वी एक चाचणी अवश्य करवून घ्यावी. सेल व यंत्र यांच्यामध्ये मल्टिमीटर जोडून झोपेतील प्रवाह मोजावा. मीटर प्रथम मिलिअँपिअरच्या मापावर ठेवावा व यंत्र झोपल्याची खात्री झाल्यावरच मायक्रोअँपिअरवर आणावा. त्या मापावर असताना बटण दाबू नये, कारण मीटरमध्येच दाब खर्ची पडून यंत्र अर्धवट उठते व मीटरचा फ्यूजही जाण्याचा संभव असतो.