बिऱ्हाड कॅलिफोर्नियाला हलवावे काय?

अमेरिकेस जावे की न जावे, हा प्रश्न मराठी मध्यमवर्गापुढे १९६५ पासून उभा आहे. त्या वर्षी अमेरिकेने राष्ट्रीयत्वावर आधारलेले जुने कोटे रद्द केले आणि आशियातील डॉक्टर-अभियंत्यांना दार उघडले. त्या काळी जाणारा तरुण बहुधा एकटा असे, खिशात मोजके डॉलर असत आणि मागे सोडण्यासारखे फारसे काही नसे. आज जाणाऱ्याची स्थिती निराळी आहे. हिंजवडीत नोकरी करणारा पस्तिशीतला अभियंता, वाकडला हप्त्याने घेतलेली सदनिका, राष्ट्रीयीकृत बँकेत अधिकारी असलेली पत्नी, सहा आणि तीन वर्षांची दोन मुले आणि कोथरुडात राहणारे सत्तरीचे आईवडील. अशा घरी जेव्हा कॅलिफोर्नियातील बदलीचे पत्र येते, तेव्हा एका माणसाचे भवितव्य ठरत नसते, सहा माणसांचे ठरत असते. असे असूनही या निर्णयाची चर्चा बहुतेक घरांत एकाच आकड्याभोवती फिरते, आणि तो आकडा म्हणजे पगार.

पगार १ लाख ८० हजार डॉलर आहे असे धरू. बाजारभावाने त्याचे दीड कोटी रुपयांहून अधिक होतात आणि ते ऐकून नातेवाईकांचे डोळे विस्फारतात. परंतु जो पगार डॉलरमध्ये मिळतो आणि डॉलरमध्येच खर्च होतो, त्याला रुपयाच्या विनिमय दराने गुणणे हा हिशेब नव्हे. जागतिक बँकेच्या क्रयशक्ती-समतेच्या गणनेनुसार अमेरिकेत एका डॉलरला जे मिळते, ते भारतात साधारणतः २० ते २१ रुपयांत मिळते. त्या मापाने हा पगार ३६-३७ लाख रुपयांच्या आसपास भरतो, आणि तोही सबंध अमेरिकेची सरासरी महागाई धरून. सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या परिसरातील महागाई त्याहून चढी आहे. पतीचे ३० लाख आणि पत्नीचे १४ लाख मिळून या कुटुंबाचे आजचे उत्पन्न ४४ लाख असेल, तर राहणीमानाच्या दृष्टीने ते वर न जाता थोडे खालीच येण्याचा संभव आहे. मोलकरीण, पोळ्या करणाऱ्या बाई, रिक्षा, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला, या सेवा तेथे स्वतःच्याच हातांनी कराव्या लागतात, ही गोष्ट आकडेवारीत दिसते त्यापेक्षा घरातल्या बाईला अधिक जाणवते.

मात्र या मापाची एक मर्यादा आहे. खर्च डॉलरमध्ये होतो हे खरे, पण शिल्लक उरली आणि ती मायदेशी आणली तर तिला बाजारभावच लागतो. म्हणून अर्थशास्त्राच्या दृष्टीने खरा प्रश्न पगाराचा नाही, शिल्लकीचा आहे. आणि शिल्लक किती उरेल हे ते कुटुंब भाड्याने राहणार की घर घेणार, एक पगार राहणार की दोन, या दोन गोष्टींवर जवळजवळ सर्वस्वी अवलंबून आहे.

संघराज्याचा आयकर, राज्याचा आयकर, सामाजिक सुरक्षा आणि मेडिकेअर यांची वजावट होऊन १ लाख ८० हजारांतले साधारण १ लाख ३५ हजार हाती येतात. दोन शयनगृहांच्या भाड्याच्या घरास महिना तीन हजार डॉलरच्या वर मोजावे लागतात. आरोग्य विम्याचा हप्ता, मोटार, किराणा आणि वर्षातून एकदा भारताची वारी धरली, तर पत्नी घरी राहून मुले सांभाळीत असताना वर्षाकाठी ४० हजार डॉलर मागे पडू शकतात. ही रक्कम लहान नाही. रुपयांत ती ३० लाखांच्या पुढे जाते आणि पुण्यात या कुटुंबाची एवढी बचत होत नसणार. परंतु ती कोठून आली हे पाहिले पाहिजे. तिच्यातला मोठा भाग पत्नीच्या बिनपगारी श्रमाचा आहे, कारण त्या परिसरात एका लहान मुलाच्या पाळणाघरालाच महिन्याला दोन हजार डॉलरहून अधिक पडतात. बँकेतली पंधरा वर्षांची सेवा सोडून तिने ही बचत घडवून आणलेली असते. कुटुंबाच्या जमाखर्चात ती बचत पतीच्या नावे जमा होते आणि सोडलेल्या सेवेची कोठे नोंदही होत नाही.

आता घर घेण्याचा विचार करू, कारण तेथे गेलेली बहुतेक कुटुंबे दोन-तीन वर्षांत त्या विचाराशी येऊन ठेपतातच. फ्रीमाँट, क्युपर्टिनो, सनीवेल ही आज भारतीयांच्या तोंडी असलेली नावे पूर्वी फळबागांची होती. जर्दाळू आणि प्लमच्या बागा तोडून १९५० नंतर तेथे उपनगरे वसली. क्युपर्टिनोला १९५५ मध्ये शहराचा दर्जा मिळाला आणि पाच खेडी एकत्र करून १९५६ मध्ये फ्रीमाँट निर्माण झाले. एका भूखंडावर एकच घर, पुढे हिरवळ आणि मोटारघर, अशा रचनेमुळे वस्ती पसरली, पण घरांची संख्या नोकऱ्यांच्या वेगाने वाढली नाही. परिणामी साठ वर्षांपूर्वी कामगारांसाठी बांधलेले तीन शयनगृहांचे साधे घर आज १५ लाख डॉलरला मिळाले तर ते नशीब समजावे. सबंध राज्यातील घरांची मध्यम किंमत एप्रिल २०२४ मध्ये प्रथमच ९ लाख डॉलरच्या वर गेली. सिलिकॉन व्हॅलीत ती त्याच्या दुपटीच्या घरात आहे.

१५ लाखांपैकी ३ लाख रोख भरले आणि उरलेले १२ लाख साडेसहा टक्क्यांनी तीस वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे ७,६०० डॉलर येतो. घरपट्टी आणि विमा धरून तो ९ हजारांच्या पुढे जातो. म्हणजे वर्षाला १ लाख ८ हजार. हाती येणाऱ्या १ लाख ३५ हजारांतून एवढी रक्कम गेल्यावर चार माणसांच्या कुटुंबाने २५-२७ हजारांत कसे राहावे, याला उत्तर नाही. एका पगारावर तेथे घर होत नाही. जी घरे झालेली दिसतात ती दोन पगारांवर, कंपनीच्या समभागांवर, किंवा व्याजाचे दर पडले असताना झालेली आहेत. तीस वर्षांच्या गृहकर्जाचा सरासरी दर जानेवारी २०२१ मध्ये २.६५ टक्के होता, तो ऑक्टोबर २०२३ मध्ये ७.७९ टक्क्यांवर गेला. ज्यांनी पहिल्या दराने कर्ज घेतले ते आता घर विकीत नाहीत, आणि ते विकीत नाहीत म्हणून नव्याने येणाऱ्यास घर मिळत नाही.

घरपट्टीची कथा तर याहून विलक्षण आहे. जून १९७८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी ‘प्रस्ताव १३’ मंजूर केला. त्यानुसार घरपट्टी करपात्र मूल्याच्या १ टक्क्यावर थोपविण्यात आली आणि ते मूल्य घर विकले जाईपर्यंत वर्षाला २ टक्क्यांहून अधिक वाढणार नाही, असे बंधन घालण्यात आले. १९७५ साली ६० हजार डॉलर मूल्य असलेल्या घराचे करपात्र मूल्य पन्नास वर्षे या गतीने वाढले तरी ते १ लाख ६१ हजारांच्या आसपास राहते आणि घरपट्टी सोळाशे डॉलर होते. शेजारचे तसेच घर आज १५ लाखांस घेणाऱ्या नवागतास १५ हजार भरावे लागतात. रस्ता तोच, शाळा तीच, अग्निशामक दल तेच. पट्टी मात्र नऊपट. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये ही व्यवस्था वैध ठरविली. पुणे महापालिकेच्या घरपट्टीबद्दल कुरकुर करणाऱ्यांनी हा नमुना अवश्य अभ्यासावा. नवागताने जुन्या रहिवाशाचा भार उचलण्याची ही कायदेशीर सोय आहे, आणि नवागत बहुधा परदेशी आहे.

तरीही लोक ही किंमत मोजतात, ती शाळेसाठी. तेथील सरकारी शाळा विनामूल्य आहेत, पण प्रवेश पत्त्यावर मिळतो. चार्ल्स टीबू या अर्थशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये असे मांडले होते की नागरिक आपल्याला हव्या त्या स्थानिक सेवा जेथे मिळतील त्या गावी राहावयास जातात. मतपेटीऐवजी पायांनी मत देतात. सिलिकॉन व्हॅलीत या मताची किंमत घराच्या किमतीत मुरलेली आहे. शाळेला फी नाही, पण ती घराच्या हप्त्यातून वसूल होते. याचा शेवट कोठे होतो तेही दिसू लागले आहे. ज्या शाळांच्या लौकिकाने घरे महागली, त्या महाग घरांत लहान मुले असलेली तरुण कुटुंबे येऊ शकेनाशी झाली. क्युपर्टिनोच्या प्राथमिक शाळांच्या मंडळाला घटत्या पटसंख्येपायी २०२२ मध्ये काही शाळा मिटवाव्या लागल्या.

एवढे सगळे दुसऱ्या पगारावर येऊन ठेपते, आणि दुसरा पगार मिळवावयाचा की नाही हे पत्नीच्या हाती नसून व्हिसाच्या प्रकारावर आहे. चर्चेत सर्वांत कमी वेळ या गोष्टीस दिला जातो. पती एच-१बी व्हिसावर गेला, तर तो मालक बदलू शकतो; पत्नीला मात्र एच-४ व्हिसावर काम करता येत नाही. २०१५ च्या नियमाने तिला परवाना मिळू शकतो, पण केव्हा, तर पतीच्या कायम निवासाच्या अर्जातील एक ठरावीक टप्पा मंजूर झाल्यावर. उलट कंपनीअंतर्गत बदलीच्या एल-१ व्हिसावर पती गेला, तर २०२१ च्या अखेरीपासून पत्नीस तेथे पोहोचताच काम करण्याची मुभा आहे. परंतु पती त्याच मालकाशी बांधला जातो आणि पाच, फार तर सात वर्षांनी ही मुदत संपते. एका मार्गाने पतीला मोकळीक आणि पत्नीला बेडी, दुसऱ्या मार्गाने नेमके उलट. सप्टेंबर २०२५ मध्ये भारतासारख्या देशातून नव्याने नेल्या जाणाऱ्या कर्मचाऱ्याच्या एच-१बी अर्जावर १ लाख डॉलरचे शुल्क घोषित झाले, तेव्हापासून कंपन्यांचा कल एल-१ कडे वळणे स्वाभाविक होते. पत्र हाती घेऊन बसलेल्या जोडप्याने पगाराच्या आकड्याआधी त्यावरील हे अक्षर वाचावयास हवे.

नोकरी गेली तर नवा मालक शोधण्यास साठ दिवस मिळतात. १५ लाखांचे घर साठ दिवसांत विकले जात नाही आणि शाळेचे वर्ष साठ दिवसांत संपत नाही. २०२२ आणि २०२३ मध्ये तंत्रज्ञान कंपन्यांनी मोठ्या प्रमाणावर नोकरकपात केली, तेव्हा या दोन वाक्यांचा अर्थ अनेक भारतीय कुटुंबांनी अनुभवला.

यापुढचा मुद्दा थोरल्या मुलाचा. नोकरीच्या आधारे दिल्या जाणाऱ्या कायम निवासाच्या परवान्यांची संख्या वर्षाला साधारण १ लाख ४० हजार आहे आणि कोणत्याही एका देशास त्यातील ७ टक्क्यांहून अधिक सामान्यतः मिळत नाहीत. लोकसंख्या दीड अब्जाकडे चाललेल्या देशालाही तेवढेच आणि काही लाखांच्या बेटालाही तेवढेच. त्यामुळे २०२५ च्या अखेरीस भारतीयांच्या दुसऱ्या श्रेणीत २०१३ साली दाखल झालेल्या अर्जांचा क्रमांक लागत होता. आज अर्ज करणाऱ्याची रांग त्याहून लांब आहे. सहा वर्षांचे मूल पंधरा वर्षांनी एकवीस वर्षांचे होईल. तोवर आईबापांचा क्रमांक लागला नाही, तर ते मूल त्यांच्या अर्जातून वगळले जाते आणि ज्या गावी वाढले तेथेच परदेशी विद्यार्थी म्हणून नवा व्हिसा मागते. तेवढ्यात परतावे म्हटले तर तेही सोपे नाही. अकराव्या-बाराव्या वर्षी परतलेल्या मुलास २०२० च्या कायद्यान्वये महाराष्ट्रातील शाळेत दहावीपर्यंत मराठी घ्यावी लागेल. तेथील महाराष्ट्र मंडळाच्या शनिवार-रविवारच्या वर्गांत बाराखडी झालेली असते. सातवीचा व्याकरणाचा धडा ही निराळी बाब आहे.

“दोन-तीन वर्षे पाहू, नाही जमले तर परत येऊ,” असे बहुतेक घरांत म्हटले जाते. यातला ‘पाहू’ हा शब्द फसवा आहे, कारण निर्णय जितका उलटविता येण्याजोगा तितका तो प्रयोग ठरतो, आणि हा निर्णय दरवर्षी थोडा थोडा कमी उलटविता येतो. मूल तीन वर्षांचे असताना परत येणे आणि तेरा वर्षांचे असताना परत येणे यांची किंमत एक नाही. हा प्रयोगच करावयाचा असेल तर तो प्रयोगासारखा करावा. वाकडची सदनिका विकू नये. तेथे घर घेऊ नये. शाळेच्या हद्दीत भाड्याने राहिले तरी प्रवेश मिळतो, ही गोष्ट गृहविक्री करणारे दलाल सांगत नाहीत. पत्नीने राजीनामा देण्याआधी बँकेच्या नियमांत बिनपगारी रजा किती बसते हे पाहावे. कोथरुडच्या आईवडिलांचा प्रश्न ‘दिवाळीला येऊ’ म्हणून सुटत नाही. पाहुण्यांच्या व्हिसावर त्यांस एका वेळी साधारण सहा महिने राहता येते आणि सत्तरीनंतरच्या जुन्या आजारांस तेथील प्रवासी विमा सहसा पुरत नाही. म्हणून एक भाऊ वा बहीण पुण्यात राहणार असेल, तर तिच्याशी खर्चाचे आणि श्रमाचे वाटप आधीच, स्पष्ट शब्दांत झालेले बरे.

आणि कंपनीकडून एक गोष्ट लेखी घ्यावी: कायम निवासाची प्रक्रिया कोणत्या महिन्यात सुरू होईल. रांगेतला क्रमांक पोहोचल्याच्या दिवसापासून लागत नाही, त्या प्रक्रियेतला पहिला अर्ज दाखल झाल्याच्या दिवसापासून लागतो. “एक वर्ष काम पाहू, मग विचार करू,” असे उत्तर आले, तर ते वर्ष थोरल्या मुलाच्या पंधरा वर्षांतून वजा होते.